पाइपचं तोंड कुणी फिरवलं?

१

दार एकदाचं उघडलं तेव्हा वीणाआत्या पलंगावर उभी होती. बसलेली नव्हे, उभी. एका हाताने खिडकीचा गज धरलेला, दुसऱ्या हातात देवांचा डबा, आणि खाली खोलीभर गढूळ पाणी. पाण्यावर तिच्या चपला, औषधांची पाकिटं आणि एक उशी तरंगत होती.

"किती हाका मारल्या मी!" एवढंच ती म्हणाली. आवाज पार बसला होता.

प्रांजलीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती वरच्या मजल्यावर कानाला हेडफोन लावून ऑफिसच्या मीटिंगमध्ये बसली होती. सासरे विद्याधरराव, म्हणजे आत्याचे भाऊ, दुपारची झोप काढत होते. बाहेर बेंगळुरूचा सप्टेंबरचा पाऊस पत्र्यांवर ताशा वाजवत होता. अशात म्हातारीची हाक ऐकणार कोण? ओल धरून आधीच फुगलेलं दार पाण्याने असं काही बसलं होतं, की शेवटी पहार घालून उचकटावं लागलं.

पाणी आलं होतं ते मोठ्या चमत्कारिक वाटेने. हॉल कोरडा, स्वयंपाकघर कोरडं. आत्याची खोली एक पायरी खाली. तिच्या बाथरूमच्या जाळीतून पाणी उलटं उसळलं होतं, विहिरीला झरा फुटावा तसं.

आत्याला वर नेऊन कोरडं नेसवलं, गरम चहा पाजला. विद्याधरराव छत्री घेऊन मागच्या अंगणात गेले आणि परत आले ते तोंड काळंठिक्कर करून.

"पाइप फिरवलाय," ते म्हणाले. "गच्चीचं सगळं पाणी मागच्या मोरीत सोडलंय कुणीतरी. मोरी आणि वीणाचं बाथरूम, दोन्हींचा निचरा एकाच नळीतून होतो. ती नळी भांड्यांच्या पाण्यापुरती. गच्चीचं पाणी तिला झेपणारे का? उलटं फिरलं आणि घुसलं आत."

"वाऱ्याने फिरला असेल, बाबा."

"वाऱ्याने? तूच आणलास ना तो पाइप? वाकवला की वाकवल्या जागी राहतो म्हणून?" त्यांनी छत्री कोपऱ्यात आपटली. "हे माणसाच्या हाताचं काम आहे, प्रांजली. आणि खालची खोली या घरात कुणाला हवी होती, हे मी सांगायला नको."

२

आता हे पाइपचं प्रकरण काय, ते सांगायला हवं.

गच्चीवरचं पाणी उतरायचा पाइप आत्याच्या खोलीच्या कोपऱ्यात, थेट भिंतीच्या पायाशी संपायचा. दरवर्षी तिच्या भिंतीला पोपडे धरायचे आणि दरवर्षी रंगारी येऊन ते खरवडायचा. यंदा ठरलं, पाइपला खालून पुढे जोड लावायचा आणि पाणी घरापासून लांब न्यायचं. आणि इथे सासरा-सुनेचं जुंपलं.

विद्याधरराव सरकारी कारखान्यातून निवृत्त झालेले इंजिनिअर, मूळचे सांगलीचे. त्यांचं म्हणणं, कडक पीव्हीसीचा पाइप घ्या, जमिनीत गाडा, उतार द्या आणि विसरून जा. प्रांजली म्हणाली, "बाबा, गाडलेला पाइप तुंबला तर कळणार कसं? फरशी उखडायची?" पाण्याची धार पसरवायला नुसती खोलगट सिमेंटची फरशी पाइपखाली ठेवा, हा प्रांजलीच्या नवऱ्याचा, जितेंद्रचा सल्ला. पण मागचा बोळ एवढा अरुंद, की पसरलेलं पाणी पुन्हा भिंतीलाच लागणार. शेवटी प्रांजलीने मारतहळ्ळीच्या दुकानातून चुण्याचुण्यांचा, लांबवता येणारा, हवा तसा वळणारा पाइप आणला. बोळातून पुढे ओढून त्याचं तोंड फाटकाजवळ ठेवलं. स्वतः बादल्या ओतून पाहिल्या. पाणी गेलं मुकाट्याने पुढे.

"लवचीक वस्तूला मालक नसतो," विद्याधरराव तेव्हाच म्हणाले होते. "जो येईल तो वळवेल."

आता त्यांचं ते वाक्य प्रांजलीच्या छाताडावर येऊन बसलं होतं. वरच्या खोलीत दुपारी उकडतं, खालची मिळाली तर ऑफिसचं काम बरं होईल, असं ती एकदा बोलून गेली होती. एकदाच. पण घरात बोललेलं वाक्य भिंतीतल्या ओलीसारखं असतं, केव्हा वर येईल सांगता येत नाही.

जितेंद्रचा फोन आला. तो बोम्मसंद्राच्या फॅक्टरीत अडकलेला, होसूर रोडवर बसही हलत नव्हती. सगळं ऐकून घेतल्यावर नवरा म्हणाला काय, तर "प्रांजू, खरं सांग, चुकून तर नाही ना फिरवलास?"

"तूसुद्धा?" तिने फोन ठेवला. डोळ्यांत पाणीच आलं तिच्या.

बाहेर रस्त्याचा ओढा झाला होता. पाणी फाटकाला टेकलेलं, वीज गेलेली. रागावून कुठे निघून जावं म्हटलं तर पाऊल टाकायला जागा नाही. ज्याने आरोप केला त्याच्याच समोर, त्याच खोलीत बसून राहायचं. अडकित्त्यातल्या सुपारीला निदान लवकर सुटका तरी मिळते.

विद्याधरराव खिडकीशी उभे राहून बोलले, तिच्याकडे न बघता. "मी कुणाला काही म्हणत नाही. पण वीणा आता इथे राहणार नाही. आनेकलला ज्येष्ठांचा निवास आहे, तिथे मी मागेच बोलून ठेवलंय. मध्यंतरी तिने गॅस चालू ठेवला, किल्ल्या फ्रीजमध्ये ठेवल्या, तेव्हाच. पाणी ओसरलं की नेऊन सोडतो."

पलंगावर पडलेल्या आत्याने हे ऐकलं. ती भिंतीकडे तोंड करून वळली.

प्रांजलीला ते फार लागलं. या घरात ती नवी नवरी होऊन आली तेव्हापासून आत्या तिची बाजू घ्यायची. आज एक शब्द नाही? 'माझी प्रांजली असं करणार नाही,' एवढंही नाही? ही काय पद्धत झाली?

प्रांजलीचं काम सॉफ्टवेअर टेस्टिंगचं. दुसऱ्यांच्या चुका हुडकून काढायच्या, त्याचाच पगार. मनाशी म्हणाली, चोर सोडून संन्याशाला फाशी होणार असेल तर संन्याशानेच चोर शोधलेला बरा.

तेवढ्यात खालून कुणीतरी दार ठोठावलं. एवढ्या पाण्यातून?

३

दारात शेजारचे त्रिविक्रमअण्णा. कमरेपर्यंत भिजलेले, डोक्यावर प्लास्टिकची पिशवी, हातात स्टीलचा डबा. अण्णांचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या इथलं. घरात बोलायचं मराठी, बाकी श्वास घ्यायचा तोही कानडीत. पण माणूस सोन्यासारखा.

"चित्रान्न आणलंय. लाइट नाही, तुम्ही काय करून खाणार म्हटलं," ते धापा टाकत म्हणाले आणि खुर्चीत कोसळले. "अय्यो! मोरीत पाय गेला की वो माझा. गुडघा फुटला."

पँट गुडघ्याशी फाटलेली, पोटऱ्यांना काळा चिखल, आणि एकाच पायात बूट. प्रांजलीने डेटॉल आणलं, जखम पुसली.

"काका, या वयात मोरीत जपून जायला हवं. रबरी चटई घाला ना खाली."

अण्णांनी तिच्याकडे चमकून पाहिलं. "मोरीत चटई? वाहून जाईल ती, बाळ."

म्हातारा गोंधळलाय बिचारा, तिला वाटलं. पण संशयितांच्या यादीत त्यांचं नाव होतंच. पाइपचं तोंड फाटकाशी ठेवल्यापासून पाणी अण्णांच्या कंपाउंडच्या भिंतीला लागत होतं. बोळाचं फाटक नुसतं कडीचं, कुणीही हात घालून उघडावं.

"काका, आमच्या पाइपचा तुम्हाला त्रास होत होता का?"

"स्वल्प होत होता. भिंत ओली व्हायची," अण्णा सरळ म्हणाले. "पण सरी, असू दे, आता सोय झाली ना."

सोय झाली? प्रांजलीने कान टवकारले. पुढे काही विचारणार तोच विद्याधरराव जिना उतरून आले, पाहुण्यासमोर घरचं धुणं नको म्हणून ती गप्प बसली आणि पाऊस जरा ओसरलेला पाहून स्वयंपाकघराच्या दाराने मागे गेली.

मोरी म्हणजे अंगणातला भांडी घासायचा चौकोन, गुडघ्याएवढ्या कठड्याचा. काठोकाठ भरलेला. पाइप बोळातून मागे वळवून त्यात सोडलेला होता. प्रांजलीने बाह्या सरसावून पाइपचं तोंड पाण्यातून वर उचललं, आणि बघते तो काय?

पाइपच्या तोंडाला कांद्याची जाळीची पिशवी बांधलेली होती. नीट दुहेरी करून, सुतळीने, सुरगाठ मारून. जाळीत बदामाची पानं गच्च भरली होती.

ज्याला कुणाच्या खोलीत पाणी घालायचंय, तो पानं अडवायला जाळी कशाला बांधेल? मोरी तुंबू नये ही काळजी दुष्टाव्याने येत नाही. ही काळजी मोरीत रोज बसणाऱ्या माणसाची. घरी कांद्याची जाळी फेकून न देता भांडी घासायला कोण ठेवतं? अण्णा नव्हेत. बाबा तर नव्हेतच.

चोर सापडला होता. आणि तो सापडला नसता तर फार बरं झालं असतं.

४

आत्या अजून भिंतीकडेच तोंड करून होती. प्रांजलीने दार लोटलं, पलंगाच्या कडेला बसली आणि ओली जाळी तिच्यापुढे धरली.

आत्याने एकदा पाहिलं आणि तोंडावर पदर घेतला.

"मीच गं," ती म्हणाली. "मीच ओढला तो पाइप. काल सकाळी."

"अहो पण का, आत्या?"

"मला वाटलं, अण्णांनी सांगितलं तसं. मी तुळशीला पाणी घालत होते, ते भिंतीपलीकडून म्हणाले, अक्का, भिंत ओली होतेय, पाइप स्वल्प ओढून मोरीत सोडा की. तेव्हा बरोबरच वाटलं. पण शहाणा माणूस असं सांगेल का? मोरीत सोडा म्हणून? इंजिनिअर होते ते कुठल्याशा खात्यात! मीच काहीतरी भलतंच ऐकलं असणार. पाणी वर चढायला लागलं तेव्हा मी पलंगावर उभी राहून तेच आठवत होते, काय म्हणाले होते ते. जेवढं आठवावं तेवढं तेच ऐकू येई. प्रांजली, मी पाण्याला नाही घाबरले. माझं डोकं जातंय, याला घाबरले."

"आणि मला बोलणी बसली, तेव्हा गप्प बसलात?"

"बसले," आत्या म्हणाली. "विद्याला कळलं तर तो म्हणणार, बघा, मी म्हणत नव्हतो? तिथे एका खोलीत तिघी असतात गं. बाहेरून कडी असते दाराला. मागे ओळखीच्या एकीला भेटायला गेले होते, तेव्हा मी पाहून आलेय. तुझ्यावर आळ आला तर तू निभावशील, तुझं वय आहे, असा विचार केला मी. नीच विचार केला."

प्रांजलीला राग आला. चांगलाच आला, का येऊ नये? पण त्या रागाच्या पोटात दुसरंच काहीतरी होतं. आता तिने करायचं काय? खरं सांगितलं तर आत्या वेडी ठरून आनेकलला. नाही सांगितलं तर सुनेपासून वाचवायला म्हणून आनेकललाच. वर आपल्या कपाळी जन्माचा डाग. इकडे आड तिकडे विहीर म्हणतात ते हेच, आणि त्या दोन्हींच्या मधे नेमकी पलंगावर बसलेली ती.

दार उघडलं. विद्याधरराव आत आले. मागे लंगडत अण्णा, कारण पाणी वाढल्यामुळे त्यांचंही परत जाणं खुंटलं होतं.

"अण्णांना सगळं सांगितलं मी," विद्याधरराव म्हणाले. "लपवून काय करायचं? उद्या सगळ्या गल्लीला कळेलच. प्रांजली, शेवटचं विचारतो. पाइप मोरीत तू सोडलास?"

ती काही बोलायच्या आत अण्णा खुर्ची ओढत म्हणाले, "पाइप? तिला काय विचारता राव? मोरीत सोडायला मीच सांगितलं."

५

विद्याधरराव गर्रकन अण्णांकडे वळले.

"तुम्ही?" विद्याधररावांचा आवाज फाटला. "तुम्ही सांगितलंत? माझी बहीण बुडायची राहिली, अण्णा! आणि सांगताय कसे, सत्यनारायणाचं आमंत्रण द्यावं तसे?"

अण्णा भांबावले. "चांगलंच सांगितलं की! पावसाचं पाणी मोरीत नाही सोडायचं तर कुठं सोडायचं? आमच्या घरचं पण मोरीतच जातं. सगळ्या बेंगळुरूचं जातं."

आत्या उठून बसली होती.

प्रांजली मात्र अण्णांच्या पायांकडे बघत होती. एक पाय बुटात, दुसरा उघडा. एवढा वेळ ते डोळ्यांसमोर होतं. मोरीत पाय गेला म्हणाले, आणि पायात बूट. मोरीत कुणी बूट घालून जातं का? घरातल्या मोरीत पोटरीभर काळा चिखल असतो का? आणि मोरीतली चटई वाहून जाते ती कुठे?

"काका," ती हळूच म्हणाली, "तुमचा दुसरा बूट कुठाय?"

"मोरीत."

"कुठल्या मोरीत?"

अण्णांनी तिच्याकडे असं पाहिलं की या पोरीला आज झालंय काय. लंगडत उठले, खिडकीशी गेले, आणि खालच्या तुंबलेल्या रस्त्याकडे बोट केलं. "ती काय! फाटकासमोरची. झाकण वाहून गेलंय, पाण्यात दिसलं नाही, पाय गेला."

"गटार!" विद्याधरराव ओरडले.

"गटार म्हणा तुम्ही. आम्ही मोरी म्हणतो. कानडीत मोरीच की ती."

"आणि भांडी घासायची जागा?"

"ते बच्चल. त्याला मोरी कोण म्हणतं?" अण्णांनी सगळ्यांची तोंडं बघितली. मग हळूहळू त्यांचाच चेहरा उतरला. "अय्यो देवा. अक्का, तुम्ही पाइप बच्चलात सोडलात?"

प्रांजलीने ती जाळी सासऱ्यांच्या हातात दिली. "बाबा, ही बघा. पाइपच्या तोंडाला बांधली होती, मोरी तुंबू नये म्हणून. वाईट करायला निघालेला माणूस एवढी निगा राखत नाही. म्हणजे मी नाही, कारण मी कांद्याची जाळी सरळ कचऱ्यात टाकते, तुम्हीच ओरडता मला. काका पाइप पुढे गटारात सोडायला सांगत होते. आत्यांनी मागे मोरीत सोडला. शब्द एकच. आत्यांनी तो जसाच्या तसा ऐकला, जसाच्या तसा पाळला. त्यांच्या जागी तुम्ही असतात तर तुम्हीसुद्धा मागेच गेला असतात. इतकी वर्षं इथे काढलीत, पण कॉलनी ते कारखाना, सगळं हिंदी-इंग्रजीत. मोरी म्हणजे गटार, हे तुम्हाला तरी कुठे ठाऊक होतं?"

विद्याधरराव हातातली जाळी उलटसुलट करून बघू लागले.

"म्हणजे," आत्या म्हणाली, "मी नीट ऐकलं होतं?"

"अगदी नीट, आत्या."

"मोरीच म्हणाले होते?"

"मोरीच म्हणालो होतो, अक्का," अण्णा म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते. "शब्दाला शब्द. चूक माझ्या जिभेची, तुमच्या कानाची नाही."

मग आत्या रडली. पाण्यात उभी होती तेव्हा रडली नव्हती, आनेकलचं नाव निघालं तेव्हा नाही, ती आता मनसोक्त रडली. प्रांजलीने तिच्या पाठीवर हात ठेवला. राग अजून होता, नाही असं नाही, पण हात काही काढवेना.

"माझं चुकलं, प्रांजली," विद्याधरराव जमिनीकडे बघत म्हणाले. या माणसाने ते दोन शब्द आजवर उच्चारले नव्हते, त्यामुळे जरा अडखळले. "वीणा, तुझ्याही बाबतीत चुकलं. मी आनेकलला फोन करून नको म्हणून सांगतो." त्यांनी खिशातून मोबाइल काढून नंबर लावला.

"थांब विद्या." आत्याने डोळे पुसले आणि हात पुढे केला. "फोन इकडे दे. जाणार मी होते, तर नाही म्हणायचं तेही मीच म्हणेन. तू किल्ल्यांचं सांगितलंस, गॅसचं सांगितलंस, सगळं माझ्याबद्दल आणि मला सोडून."

त्यांनी मुकाट्याने फोन दिला. पलीकडे घंटी वाजत होती. कुणीतरी उचलला आणि कानडीत काहीतरी विचारलं. आत्याने फोनवर तळवा दाबून धरला.

"अण्णा, मी येणार नाही, हे कानडीत कसं म्हणायचं?"

"नानु बरल्ला."

"नक्की? त्याचा दुसरा काही अर्थ नाही ना होत?"

"नाही अक्का. एकच होतो."

आत्याने पदर सारखा केला, फोन कानाला लावला, आणि घसा खाकरून मोठ्याने, एकेक अक्षर सुटं करून म्हणाली, "नानु बरल्ला." पलीकडच्या माणसाला बहुधा नीट कळलं नाही, म्हणून तिने तेच पुन्हा एकदा सांगितलं.